मुद्राचित्रण शिकतेय: चुकून पडलेला पाऊस माझा का?

शाईचा_डाग
मंगळवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची मिरजेची, सध्या मुंबईत फाइन आर्टला (कॉलेजचं नाव विचारू नका). या वर्षी प्रिंटमेकिंग (मुद्राचित्रण, म्हणजे प्लेट किंवा ठोकळा कोरून त्यावरून चित्र छापणं) घेतलंय. घरी मी नक्की काय शिकते ते अजून कुणाला कळलेलं नाही. आत्याला वाटतं प्रेसचा कोर्स आहे, आणि तिनं जावेला शब्दसुद्धा देऊन टाकलाय की पोरगी लग्नाच्या पत्रिका स्वस्तात छापून देईल. गेल्या वेळी महालक्ष्मीनं घरी गेले तर आज्जी माझी नखं बघून म्हणाली, मेंदी काळी का गं?

तर लिनोकट झाला (लिनोलियमच्या शीटवर कोरून), वुडकट झाला (लाकडावर कोरून), एचिंग-अ‍ॅक्वाटिंट चालू आहे (धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडनं), स्क्रीन थोडंसं, लिथो (दगडावरून छापायचं) आता येईल. दिवाळीनंतर फॉर्म भरायचाय, स्पेशलायझेशन कुठलं. आणि मला ठरवता येत नाहीये, कारण प्रत्येक प्रकारात मी वेगळीच कुणीतरी असते. लिनो कापताना मी भांडखोर होते, हात भराभर चालतो, शीट उन्हात ठेवून मऊ केली की लोण्यासारखी कापली जाते आणि दोन तासांत पोह्याच्या चमच्यानं घासून प्रूफ (चाचणीची पहिली प्रत) हातात. लाकूड माझं ऐकत नाही. प्लायवर आज्जीचा चेहरा करत होते, नाकाशी आले आणि वरच्या थराची एक चिळपी रेषेबरोबर निघून गेली, आज्जी बिननाकाची. आणि एचिंगला मी आजारी माणसाजवळ बसल्यासारखी बसते. कडा कानशीनं उतरवा, प्लेट खडूच्या पुडीनं घासून तेलकटपणा काढा, ग्राउंड (अ‍ॅसिडपासून वाचवणारा थर) लावा, वाळू द्या, सुईनं रेखाटा, मागून वॉर्निश मारा, मग ती अ‍ॅसिडमध्ये सोडून नुसतं बघत बसा.

आता मुख्य भानगड. जस्ताच्या प्लेटवर मिरज स्टेशनचा पादचारी पूल केला होता, वर सगळं आकाश मोकळं. ग्राउंड पातळ लागलं होतं, वर अ‍ॅसिडमध्ये असताना बुडबुडे पिसानं झाडायचे असतात तेव्हा मी फोनवर होते (खरं तेच सांगते). प्लेट काढली तर आकाशात सगळीकडे बारीक टोचे आणि तिरके ओरखडे. फाउल बाइट, म्हणजे नको तिथे अ‍ॅसिड चावलं. रडायचीच बाकी होते. तरी प्रूफ काढलं, सर आले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "पाऊस मस्त पाडलायस. हे धाडस आवडलं."

मी मान हलवली.

आता त्याच प्लेटचे १० प्रिंट काढून झालेत, सबमिशनला जाणारेत, खाली पेन्सिलनं १/१०, २/१० आणि माझी सही. दोन प्रश्न: (१) तो पाऊस माझा का? (२) फॉर्मवर काय लिहू?

---

पॉपकॉर्न_घेऊन
वाचतोय. फोटो टाक की!

---

अडाणी_प्रश्न
एक बेसिक शंका, हसू नका. एकाच चित्राच्या १० कॉप्या असतील तर मग झेरॉक्स आणि यात फरक काय? एक काढायचं आणि नऊ झेरॉक्स मारायच्या, शाई वाचेल.

---

तांबट_आळीकर
@अडाणी_प्रश्न, हसलो, माफी. झेरॉक्समध्ये आधी एक मूळ चित्र असतं आणि त्याची नक्कल निघते. इथे आधी कागदावर चित्र नसतंच. असते ती कोरलेली प्लेट, आणि प्लेट भिंतीवर लावत नाहीत. प्रत्येक प्रिंटला प्लेट नव्यानं शाई भरायची, मलमलीच्या कापडानं पुसायची, शेवटी तळहाताला खडूची पूड लावून हातानं पुसायची, भिजवून टिपलेला कागद वर ठेवायचा, त्यावर लोकरी ब्लँकेटं आणि मग प्रेसमधून काढायचं. प्रेस म्हणजे काय तर रसवंतीचा चरक, फक्त घुंगरू नसतात. दहाही मूळच. म्हणून खाली ३/१० वगैरे लिहितात.

धागाकर्तीस: फाउल बाइटवर लोकांनी करिअर काढलीयत. गप्प बस आणि मार्क घे. (कृपया हलकेच घ्या)

---

स्क्रीनवाला_इचल
मी इचलकरंजीत १९ वर्षं स्क्रीन प्रिंटिंग केलं, लग्नपत्रिका, पिशव्या, बॅनर, सगळं. लाकडी चौकटीवर नायलॉनचं कापड ताणायचं, उजेडानं कडक होणारं इमल्शन लावायचं, अंधारात सुकवायचं, वर पॉझिटिव्ह (चित्राची पारदर्शक फिल्म) ठेवून उन्हात धरायचं. घड्याळ नाही, ऊन बघून अंदाज. ढग आला की स्क्रीन गेली. मग पाण्यानं उघडायची आणि स्क्विजी (शाई ओढायची रबरी पट्टी) ओढायची, दिवसाला हजार ओढ. संध्याकाळी खांदा आपला नसतो.

एकदा पत्रिकेत मुहूर्त ११:४७ च्या जागी १:४७ छापला गेला, एक आकडा स्क्रीन धुताना बुजला. ५०० पत्रिका, दोन रंग आणि वर सोनेरी गणपती. मुलीच्या वडलांनी त्या टेबलावर ठेवल्या, काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. रात्रभर बसून परत छापून दिल्या, कागद माझा, शाई माझी. तेव्हा ताई, तुमच्यात चूक झाली की पाऊस पडतो, आमच्यात चूक झाली की पदरचे पैसे पडतात.

राग नाही हां. पण माझं मत, जे मुद्दाम केलं नाही त्याची शाबासकी घेऊ नये.

आत्याचा नंबर असला तर द्या, पत्रिका आम्ही करून देऊ.

---

पॉपकॉर्न_घेऊन
"पदरचे पैसे पडतात" _/\_ धागा इथेच वसूल.

---

निवृत्त_चित्रकलाशिक्षक
चि. शाईचा डाग (हे काय नाव झालं?), मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंट्री-इंटरमिजिएटला किती मुलं बसवली याचा हिशोब नाही. तुमचा पहिला प्रश्न फार गुंतागुंतीचा नाही. सरांना उद्या जाऊन सांगा. जड काही नाही, दोन वाक्यं आहेत.

दुसऱ्याबद्दल थोडा व्यवहार. आवडीनं निवडाल, पण कॉलेज संपल्यावर एचिंगचा प्रेस कुठून आणणार? तो घरात मावत नाही आणि मावला तर खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. अ‍ॅसिडला वेगळी खोली लागते, वाफ बाहेर जायला सोय लागते. लिथोचा दगड दोघांनी उचलायचा. उलट लिनोला एक टेबल, पाच-सहा गॉज (कोरायची हत्यारं), एक रोलर आणि चमचा पुरतो. चित्रकार चित्तप्रसाद बंगालातून मुंबईत आले आणि पुढची कितीतरी वर्षं अंधेरीत राहून लिनोकट करत राहिले. ते काम बघा. काळ्या-पांढऱ्यात काय बसत नाही असं वाटणार नाही.

---

मावशीबोध
गुरुजी, व्यवहार पटला तरी विसाव्या वर्षी प्रेस मावेल का यावर आवड ठरवायची म्हणजे पत्रिका बघून लग्न. शिकू दे तिला. आजकाल ठिकठिकाणी सामायिक स्टुडिओ असतात, दिल्लीत गढीला ललित कला अकादमीचा आहे, भोपाळला भारत भवनमध्ये ग्राफिक वर्कशॉप आहे, बडोद्यात छाप आहे. लोक महिनाभर जातात, काम करून येतात.

माझं लिथोचं दुःख सांगते, म्हणजे शाईचा डागला पुढचं कळेल. आम्हाला दगड घासायला दिला होता. घासणं म्हणजे कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून एका दगडावर दुसरा दगड इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत राहायचं, आधी जाड पूड मग बारीक, जुनं चित्र पूर्ण जाईपर्यंत. दीड दिवस गेला. मग त्यावर ग्रीसच्या खडूनं चित्र काढलं. रविवारी आईनं डोक्याला खोबरेल चोपडलेलं, सोमवारी वेणी सावरत सावरत काम केलं. दगडाला तेल म्हणजे चित्रच, त्याला खडूचं तेल आणि पॅराशूटचं तेल यातला फरक कळत नाही. डिंक लावला, अ‍ॅसिडचा हात दिला, शाईचा रोलर फिरवला आणि उजव्या कोपऱ्यात माझा पंजा हळूहळू वर आला, भिंतीवर लक्ष्मीचा उमटवतात तसा, पाचही बोटं. सर म्हणाले, कंपोझिशनमध्ये धर. मी परत दीड दिवस दगड घासला.

तेव्हा @स्क्रीनवाला यांना अनुमोदन. माझा पंजा होता, पण मी काढलेला नव्हता.

---

अडाणी_प्रश्न
डिंक?? लाडवाचा?

---

मावशीबोध
जातकुळी तीच, बाभळीच्या भाऊबंदांचा. दगडावर जिथे चित्र नाही तिथे डिंक बसतो आणि पाणी धरून ठेवतो, पाणी असलं की तेलकट शाई तिथे लागत नाही. सगळी लिथोग्राफी एवढ्यावरच उभी आहे, तेल आणि पाण्याचं पटत नाही यावर. सेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसाला १७९० च्या दशकात हे सापडलं. लाडू मात्र वेगळ्या डब्यातल्या डिंकाचे करा.

---

नाशिकचा_द्राक्षवाला
मी शेतकरी, चित्रातलं काही कळत नाही, पुतण्यामुळे वाचत आलो. तो पण हेच शिकलाय. तो अ‍ॅसिड वापरतच नाही. जस्ताच्या प्लेटला मोरचूद आणि मीठ. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर डाउनी रोगाला बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) मारतो त्यातलाच मोरचूद. माझ्याच गोदामातून दोन किलो नेला आणि वर मलाच सांगतो काका हे बोर्डो एच (एचिंगचं पाणी) आहे म्हणून. म्हणलं बाबा आमचा बोर्डो चुन्याचा, तुझा मिठाचा, दोघांचं नाव एक कसं, पण आहे खरं तसं.

बघितलं मी. निळ्या पाण्यात प्लेट टाकली की रेघेतून तांबूस गाळ सुटतो, तो ब्रशनं सारखा झाडावा लागतो नाहीतर खाली चावत नाही. बुडबुड्यांचा फेस नाही, नाकाला झोंबत नाही. फक्त ते पाणी मोरीत किंवा विहिरीकडं ओतू नका, माशाला विष आहे. त्याला पण मी हेच बजावून सांगितलंय.

पावसाचं म्हणाल तर आमच्याकडं न मागता पडलेला पाऊस नेहमी बिलच घेऊन येतो.

---

पॉपकॉर्न_घेऊन
काका =))

---

शाईचा_डाग
बुधवार, रात्री १०:१५

बापरे एवढे प्रतिसाद. @द्राक्षवाला काका, मोरचुदाचं सरांना विचारते, आमच्याकडे नायट्रिकच आहे आणि संध्याकाळी घसा खवखवतो. @मावशीबोध, पंजा वाचून लोकलमध्ये एकटीच हसले, बाजूची बाई सरकून बसली.

सरांना अजून सांगितलं नाही. आज तीनदा केबिनपर्यंत गेले. तिसऱ्यांदा ते डबा खात होते.

गुरुजी, तुमचं पटतंय पण एक अडचण आहे. समजा सांगितलं की चूक होती. मग मी ते १० प्रिंट फाडायचे का? कारण आता मला तो पाऊस आवडायला लागलाय. पूल नुसता असता तर तो फोटोवरून उतरवलेला पूल होता. आता तिथे कुणीतरी भिजतंय असं वाटतं, आणि मी माणूस एकही काढलेला नाही.

---

निशिकसाईकर
तोक्योहून. इथे नोकरीला आलो आणि रविवारी वेळ जात नाही म्हणून वुडब्लॉकच्या क्लासला बसलो, सगळ्या आज्या आणि मी. जपानी पद्धतीत तेलाची शाई नाही, पाण्याचे रंग आणि त्यात तांदळाची खळ. अक्षरशः आपली खळ, पतंगाची. प्रेसही नाही, बारेन नावाची बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती घेऊन कागदाच्या पाठीवर घासायचं. आणि लाकडातच एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि बाजूला एक सरळ खाच कोरतात, केंतो म्हणतात, कागद तिथे टेकवला की पाचवा रंगही बरोब्बर जागेवर बसतो. इंजिनियर असून मला हे आधी का सुचलं नाही असं झालं.

पण तुझ्या प्रश्नाशी संबंध असा की जपानी चित्रकार होकुसाईची ती जगप्रसिद्ध लाट आहे ना, साधारण १८३१ ची, त्यानं स्वतः ना लाकूड कोरलं ना छापलं. चित्र त्याचं, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसे घालणारा प्रकाशक वेगळा. जुन्या जपानी छाप्यांत आकाश गडदाकडून फिकटाकडे जातं ते छापणारा त्या वेळी लाकडावर रंग पुसून करतो, म्हणून प्रत्येक प्रतीत थोडं वेगळं येतं. ते कुणाचं? सगळे होकुसाई म्हणतात. तर तुझ्या पावसात अ‍ॅसिड हा तुझा कारागीर समज.

---

स्क्रीनवाला_इचल
साहेब, त्या कारागिराला मजुरी मिळत होती आणि तो शुद्धीवर होता. अ‍ॅसिडनं काय ठरवून केलं?

---

तांबट_आळीकर
@स्क्रीनवाला, पॉइंट आहे. पण एक बघा, तुमच्या पत्रिकेतली चूक आणि तिची चूक यांत एक सारखेपणा पण आहे. चित्रकारानं कॅनव्हासवर रंग सांडला तर तो एकदाच सांडतो. प्लेटवर सांडलं की ते दहाही प्रिंटमध्ये त्याच जागी, तेवढंच येतं. तुमचा मुहूर्त पण ५०० वेळा तंतोतंत चुकला. फरक इतकाच की तिच्याकडे प्रूफ बघितल्यावर थांबायची संधी होती आणि तिनं थांबवलं नाही. पहिलं प्रूफ चूक होतं, पण पुढचे १० तिनं डोळे उघडे ठेवून काढलेत. प्रत्येक वेळी ते टोचे स्वतःच्या हातानं शाईनं भरलेत, पुसताना त्यातली शाई निघणार नाही याची काळजी घेतलीय. नको असता तर स्क्रेपरनं खरवडून बर्निशरनं घासून बराचसा घालवता येतो.

रेम्ब्रांटच्या तीन क्रूसांची प्लेट बघ, १६५३ ची. सही करून छापल्यावर पुढे कधीतरी त्यानं त्याच प्लेटवर बरीच माणसं खरवडून काढली आणि वरून दाट उभ्या रेघांचा अंधार ओतला, तिला चौथी अवस्था म्हणतात. तिसरी आणि चौथी शेजारी ठेवली तर चित्र एकच आहे यावर विश्वास बसत नाही. म्हणजे प्लेट संपलेली नसते. तुला हवं तर अजून पाऊस पाड, नाहीतर थांबव.

बादवे, तांब्याचा पत्रा हवा असेल तर पुण्यात आमच्या आळीकडे ये. जस्तापेक्षा महाग, पण रेघ काय स्वच्छ येते.

---

जुनी_पोथी
धागा छान चाललाय, पण मिरजेची मुलगी प्लेटवर काम करते आणि कुणी मिरजेचं नाव काढत नाही याचं नवल वाटलं.

मुली, १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली आहे. तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. नाना फडणिसांच्या काळात पुण्यात इंग्रज वकील मॅलेट होता, त्याच्याकडच्या लोकांचं बघून एका तांबट कारागिराला देवनागरी अक्षरं तांब्यावर कोरायच्या कामाला लावलं होतं. पुढे नाना गेले, पुण्यातलं राजकारण विस्कटलं, तो कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि तिथे गीता पुरी झाली. अक्षरं उलटी कोरायची, तीही सगळी गीता. तू कधी अक्षरं कोरलीस का?

पुढचं सगळ्यांसाठी. मुंबईत गणपत कृष्णाजींनी घरच्या घरी छापखाना जमवला, दगड शोधले, शाई स्वतः करून बघितली आणि १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. लिथोला आपल्याकडे शिळाप्रेस म्हणत, हा शब्द का मेला कोण जाणे. घरातल्या जुन्या आडव्या पोथ्या काढून बघा, पुष्कळशा शिळाछाप असतात, हस्तलिखितच वाटतं. १८७८ ला पुण्यात चित्रशाळा निघाली, देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर गेली. १८९४ ला रविवर्म्यानं गिरगावात प्रेस काढला, जर्मनीहून यंत्रं आणि माणसं आणून. नंतर तो मळवलीला गेला, श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एक सरस्वती छापायची तर दगडांची रांग.

---

फटकळ
रविवर्म्याची ओलिओग्राफ (तेलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं) म्हणजे कॅलेंडर आर्ट. त्यात रविवर्म्याचा हात कुठे? तेलचित्र त्याचं, दगडावर उतरवलं जर्मनांनी. त्याला मुद्राचित्रण म्हणू नका.

---

जुनी_पोथी
मी कुठे म्हटलं? मी छापलं म्हटलं. माझ्या आजीनं मात्र त्या कॅलेंडर आर्टला ५० वर्षं हळदकुंकू वाहिलं, आणि तिनं लक्ष्मीला जरीची साडी शिवून चिकटवली होती. तो हात कुणाचा तेवढं सांगा.

---

पॉपकॉर्न_घेऊन
धागा भरकटतोय, भरकटू द्या.

---

मावशीबोध
उलट्या अक्षरांवरून. आमच्या वर्गात एकानं लिनोवर भलं मोठं "आई" कोरलं, आठवडा घालवला, सरळच कोरलं. छापल्यावर काना डावीकडे गेला. तो म्हणाला चालेल, आईला कळेल. आईला खरंच कळलं, हॉलमध्ये लावलंय. (त्याला चूक म्हणायची हिंमत कुणाची आहे का बघा.)

---

व्हिस्कॉसिटी_वेडा
उशिरा आलो. कुणी व्हिस्कॉसिटीचं (शाईच्या घट्टपातळपणावर चालणाऱ्या छपाईचं) नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. फॉर्मवर "इंटाग्लिओ" (कोरलेल्या रेघेत शाई भरून छापायचं, एचिंग वगैरे) लिहिलंस तर हे पण करता येईल. पॅरिसला हेटर या कलाकाराच्या आतेलिए १७ नावाच्या स्टुडिओत कृष्णा रेड्डी आणि कायको मोती यांनी हे तंत्र घडवलं. एकाच प्लेटवर सगळे रंग, एकाच दाबात. प्लेट वेगवेगळ्या खोलीची खोदायची. कडक रोलरनं वरच्या पातळीवर पातळ शाई, मऊ रोलर खाली खड्ड्यापर्यंत पोचतो, त्यावर घट्ट शाई. जिथे आधी पातळ, तेलकट शाई बसलीय तिथे घट्ट शाई चिकटतच नाही, बाजूला होते. तेल किती घालायचं हे बोटानं कळतं, भाकरीच्या पिठाला पाणी किती ते जसं कळतं तसं. मला सात महिन्यांनी कळलं. तोवरचे सगळे प्रिंट चिखल.

स्पॅनिश चित्रकार गोयानं १७९९ मध्ये काप्रिचोस नावाच्या मालिकेचे ८० प्रिंट काढले, एचिंग आणि अ‍ॅक्वाटिंटमध्ये. अ‍ॅक्वाटिंट म्हणजे राळेची पूड प्लेटवर पाडायची, गरम करून चिकटवायची, दाण्यादाण्यांच्या मधून अ‍ॅसिड चावतं आणि करडा रंग मिळतो. म्हणजे ठरवून पाडलेले टोचेच. तुझ्या पावसाचा सख्खा भाऊ. तू तो ठरवून करायला शिक, मग दोन्ही प्रश्न एकदमच सुटतील.

---

अडाणी_प्रश्न
राळ म्हणजे मशालीवर फुंकतात ती?

---

व्हिस्कॉसिटी_वेडा
तीच. म्हणून राळेच्या पेटीजवळ काडी ओढायची नाही.

---

शाईचा_डाग
पुढच्या सोमवारी, रात्री ११:३०

सांगितलं.

डबा खाऊन झाल्यावर गेले. म्हटलं, सर तो पाऊस फाउल बाइट आहे, मी फोनवर होते. त्यांनी प्रूफ काढलं, खिडकीत धरलं आणि कडेला बोट ठेवलं. "इथं ग्राउंड सुटलेलं दिसतंय की. मला काय दिसलं नाही? तू कधी सांगतेस बघत होतो." मग म्हणाले, आता असाच पाऊस मुद्दाम पाडून दाखव, तोपर्यंत ते १० माझ्या कपाटात.

तर गेले चार दिवस मी पाऊस पाडतेय. पहिली प्लेट, ग्राउंड मुद्दाम पातळ लावलं, आकाशाला गोवर आल्यासारखं दिसलं. दुसरी, बुडबुडे झाडलेच नाहीत, पूल पण विरघळला. तिसरीला ग्राउंड अर्धवट वाळल्यावर जुन्या टूथब्रशनं तिरकं खरवडलं आणि थोड्या थोड्या वेळानं काढून बघत गेले, दोन मिनिटं, बाहेर, धू, बघ, परत दोन मिनिटं. आमच्या गल्लीत सतारमेकर आहेत, ते तानपुऱ्याची जवारी लावताना असंच करतात, घोडीवर कानशीचा एक हात, तार छेड, कान लाव, परत एक हात. लहानपणी मला वाटायचं यांना एकदाच नीट का घासता येत नाही.

तिसरीत पाऊस आला. पहिल्यासारखा नाही. पहिला जरा अंगावर येणारा होता, हा नुसता पडतोय. सरांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि काहीच बोलले नाहीत, चहा मागवला. सबमिशनला दोन्ही जाणार. पहिल्याच्या सहीशेजारी काय लिहायचं ते विचारलं तर म्हणाले, आकडा आणि नाव, निबंध नको.

@जुनी_पोथी, मिरजेच्या गीतेचं बाबांना फोन करून सांगितलं. बाबा बँकेत आहेत, म्हणाले तांब्याचा भाव तेव्हा किती असेल.

फॉर्म भरला. इंटाग्लिओ. पेन्सिलनं.

---

स्क्रीनवाला_इचल
सांगितलंत ते चांगलं केलंत. टूथब्रशवाला एक प्रिंट मला हवा, दुकानात लावीन. पैसे घ्या, फुकट नको. आणि पहिला पाऊस पण बघायला आवडला असता, आता उगाच खोटं कशाला बोला.

---

नाशिकचा_द्राक्षवाला
पुतण्या म्हणतो तिला सांगा जुना टूथब्रश मऊ पडतो, नवा घे.

---

निवृत्त_चित्रकलाशिक्षक
छान. पेन्सिल एचबी होती की टूबी?

---

शाईचा_डाग
टूबी, गुरुजी. खोडता येते :)

बरं, उद्या सकाळी नऊला लिथोचा पहिला दगड मिळणार आहे. @मावशीबोध, आज रविवार नसतानाही आत्यानं डब्याबरोबर खोबरेल तेलाची बाटली पाठवलीय.

---

मावशीबोध
बाटली रूममेटला देऊन टाक. आणि केस आज रात्रीच दोनदा धू.